काल नितळ, आज बुडाशी पांढरी वाळू: सरबतातलं कॅल्शियम खाली का बसतं आणि त्याला कसं रोखायचं

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत लिंबू सरबताचं छोटं युनिट आहे. सरबतात कॅल्शियम घालायचं ठरलं. १०० लिटरच्या बॅचला ६०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, २५० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, १० किलो साखर आणि बोअरचं पाणी असं प्रमाण धरलं. संध्याकाळी टाकीतलं सरबत काचेसारखं नितळ होतं, सकाळी त्यावर दुधी झाक आली. ८५ अंशांवर पाश्चराइझ करून भरलेल्या बाटल्यांच्या बुडाशी दोन दिवसांत पांढरी वाळू बसली. फ्रीजमधली बाटली मात्र अजून बरी आहे. वाळू विरघळेल म्हणून पुन्हा तापवलं, तर आणखी पडली. सोडियम सायट्रेट घालूनही फरक नाही. मग कार्बोनेटऐवजी खायचा चुना वापरावा का, आणि हे नक्की चुकतंय कुठं?

चुना नको. कार्बोनेट बदलून चुना घेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. कारण पुढं येईलच. आधी खाली बसलेला पदार्थ कोणता, हे पक्कं करून घ्या. अंदाजावर कृती बदलली की एकाच्या जागी दोन गोष्टी बिघडतात.

बाटली हलक्या हातानं ओतून साका फिल्टर पेपरवर घ्या, थोड्या पाण्यानं साखर धुऊन टाका, आणि चिमूटभर साका काचेच्या नळीत घेऊन त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड टाका. फसफसून विरघळला तर ते न विरघळलेलं कार्बोनेट. न फसफसता विरघळला तर सायट्रेट, टार्ट्रेट, फॉस्फेट किंवा ऑक्झॅलेट यांपैकी काहीतरी. जवळजवळ तसाच राहिला तर जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. पुढची पायरी ॲसेटिक ॲसिडची. सायट्रेट त्यात हळूहळू विरघळतं, ऑक्झॅलेट विरघळत नाही. ऑक्झॅलेटला तेज ॲसिडच लागतं. टार्ट्रेट वेगळं काढायचं तर जुनी वर्गातली खूण कामाला येते: सायट्रेटच्या उदासीन द्रावणात कॅल्शियम क्लोराइड घातलं तर थंडीत काहीच दिसत नाही, उकळलं की पांढरा दाणेदार साका पडतो. टार्ट्रेट थंडीतच पडतं. तुमच्या वर्णनात तापवल्यावर साका वाढतो आणि फ्रीजमध्ये दिसत नाही, म्हणजे ते कॅल्शियम सायट्रेटच असणार. तरी ही दहा मिनिटांची तपासणी करा.

आता आकडे. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये वजनाच्या ४० टक्के कॅल्शियम असतं. १०० लिटरला २५० ग्रॅम म्हणजे लिटरला २.५ ग्रॅम कार्बोनेट, म्हणजे लिटरला १ ग्रॅम कॅल्शियम. कॅल्शियम सायट्रेट चार पाण्याच्या रेणूंसह स्फटिक होतं आणि त्यात कॅल्शियम सुमारे २१ टक्के असतं. तुमचं सगळं कॅल्शियम त्या रूपात गेलं तर लिटरला पावणेपाच ग्रॅम सायट्रेट तयार होईल. साध्या पाण्यात २५ अंशांना त्याची विद्राव्यता लिटरला सुमारे ०.९५ ग्रॅम, म्हणजे साधारण २०० मिलिग्रॅम कॅल्शियम. पाण्यात मावतं त्याच्या पाचपट कॅल्शियम तुम्ही घातलं आहे. ॲसिडमुळे ही मर्यादा वर सरकते, पण या प्रमाणात पुरेशी सरकत नाही.

मग संध्याकाळी नितळ कसं दिसलं? लोक इथंच फसतात. कॅल्शियम आणि हायड्रॉक्सी ॲसिडं (सायट्रिक, टार्टारिक, लॅक्टिक, ग्लुकोनिक) यांची द्रावणं अतिसंपृक्त अवस्थेत तासन्‌तास, कधी कधी दिवसेंदिवस शांत राहतात. घटक मर्यादेच्या कितीतरी वर असतात, पण स्फटिकाचं पहिलं बीज पडत नाही. कोपनहेगन विद्यापीठातल्या लीफ स्किबस्टेड यांच्या गटानं हे पद्धतशीर दाखवलं आहे: सोडियम ग्लुकोनेटच्या द्रावणात घन कॅल्शियम लॅक्टेट टाकलं तर ते आपोआप कॅल्शियम ग्लुकोनेटच्या दृष्टीनं अतिसंपृक्त होतं, आणि साका पडायला बराच वेळ घेतो. म्हणून टाकीत डोळ्यांना दिसणारी नितळता म्हणजे विरघळल्याचा पुरावा नव्हे. बीज मिळालं, हादरा बसला किंवा उष्णता मिळाली की पडायचं ते पडतं. तुमच्या टाकीत बीज कुठून आलं, याचं उत्तरही तुमच्याच कृतीत आहे. कार्बोनेटचे न विरघळलेले कण, टाकीच्या भिंतीवरचे ओरखडे, मागच्या बॅचचा पातळ थर, यांपैकी एक पुरतं.

उष्णतेचं वागणं नीट समजून घेतलं पाहिजे, कारण बहुतेक लोक साखरेच्या अनुभवावरून चालतात. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, म्हणून साका दिसला की तापवायचं. कॅल्शियम ग्लुकोनेटला ते चालतं: २५ अंशांना १०० मिलिलिटर पाण्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास, उकळत्या पाण्यात सुमारे २० ग्रॅम. कॅल्शियम लॅक्टेटही गरम पाण्यात वाढतं: ० अंशांना १०० मिलिलिटरमध्ये ३.१ ग्रॅम, ३० अंशांना ७.९ ग्रॅम. पण सायट्रेट उलटं आहे. तापमान वाढलं की त्याची विद्राव्यता घटते, आणि स्फटिक वाढण्याचा वेगही वाढतो. ॲसिटेटही थंड पाण्यात जास्त विरघळतं, पण मुळातच ते इतकं विद्राव्य आहे की त्यानं कुणाचं अडत नाही. सायट्रेटचा हाच स्वभाव रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेले यांनी १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून सायट्रिक ॲसिड वेगळं काढताना कामाला लावला. रसात खडू घालून कॅल्शियम सायट्रेट खाली बसवायचं आणि सल्फ्युरिक ॲसिडनं पुन्हा ॲसिड मोकळं करायचं. आजही किण्वनानं सायट्रिक ॲसिड बनवणारे कारखाने गरम द्रावणात चुना घालून सायट्रेट बाहेर काढतात आणि पुढच्या पायरीला जिप्सम बाजूला सारतात. तुमचं पाश्चरायझर सध्या त्याच कारखान्याचं काम करतंय.

याचा ऋतूंशी थेट संबंध आहे. सायट्रेट असलेलं सरबत मे महिन्यात, बडोद्याचा पारा ४२ च्या वर गेलेला असताना, पत्र्याच्या टेम्पोत बिघडतं. ग्लुकोनेट किंवा लॅक्टेट काठोकाठ भरलेलं द्रव औषध मात्र उत्तरायणाच्या थंड रात्री गोदामात बिघडतं. बिघाड कोणत्या महिन्यात आला हे विचारलं की अर्धं निदान होतं.

आता संकुलाकडे, म्हणजे कॉम्प्लेक्सकडे. पाण्यातलं कॅल्शियम सगळं मोकळ्या आयनाच्या रूपात नसतं. ॲसिडचा आयन त्याला धरून ठेवतो आणि दोघं मिळून विद्राव्य जोडी होते. ही पकड किती घट्ट हे स्थिरता स्थिरांकावरून कळतं. क्षाराचं प्रमाण ०.१ मोलरच्या आसपास धरलं तर सायट्रेटसाठी त्याचा लॉग सुमारे ३.५, मॅलेटसाठी २, ग्लुकोनेट आणि लॅक्टेटसाठी १.१ ते १.३, ईडीटीए या कॅल्शियम घट्ट पकडणाऱ्या रसायनासाठी १०.७. दर एकाचा फरक म्हणजे दहापट. रक्तपेढीच्या पिशवीत सायट्रेट असतं ते याच पकडीसाठी. मोकळं कॅल्शियम आवळलं जातं आणि रक्त गोठत नाही.

तर मग सोडियम सायट्रेट घालून फायदा का झाला नाही? साका पडणं हे कॅल्शियमचा घन गुणिले सायट्रेटचा वर्ग, या गुणाकारावर ठरतं, कारण क्षारात तीन कॅल्शियम आणि दोन सायट्रेट असतात. थोडं सोडियम सायट्रेट घातलं की मोकळं कॅल्शियम कमी होतं खरं, पण पीएचही (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) वर जातो आणि पूर्ण मोकळं, तीनही हायड्रोजन गमावलेलं सायट्रेट झपाट्यानं वाढतं. जवळपास सगळं कॅल्शियम जोडीत बांधलं गेल्यानंतरही हिशेब फार सुखावह नाही. मोकळं सायट्रेट दुप्पट केलं की मोकळं कॅल्शियम निम्मं, त्याचा घन आठवा भाग, सायट्रेटचा वर्ग चौपट, म्हणजे गुणाकार फक्त निम्मा होतो. पुरेसा फरक पडायला इतकं सोडियम सायट्रेट लागेल की सरबत खारट होईल. भांडी धुण्याच्या पावडरीत हा मार्ग चालतो, पेयात चालत नाही.

खरी किल्ली पीएचची आहे. सायट्रिक ॲसिड तीन हायड्रोजन टप्प्याटप्प्यानं सोडतं, ३.१३, ४.७६ आणि ६.४० या पीकेएला, म्हणजे ज्या पीएचला तो हायड्रोजन अर्ध्या रेणूंनी सोडलेला असतो तिथं. साक्याला पूर्ण सुटलेला आयन लागतो. पीएच ३.६ ला तो अगदी किंचित असतो, ४.२ ला त्याचं प्रमाण काही पटींनी वाढलेलं असतं, आणि गुणाकारात तो वर्गानं येतो. म्हणजे अर्ध्या पीएचचा फरक बाटली वाचवतो किंवा घालवतो. तुमच्या प्रमाणात लिटरला ५० मिलीइक्विव्हॅलंट (ॲसिड आणि अल्कली एकमेकांना किती मारतात ते मोजायचं एकक) कॅल्शियम आहे, आणि ६ ग्रॅम सायट्रिक ॲसिडचे तीनही हायड्रोजन धरले तरी ८६ च्या आसपास. म्हणजे अर्ध्याहून जास्त ॲसिड कार्बोनेटनंच खाल्लं. पीएच ४ च्या वर गेला, आणि बोअरच्या पाण्यानं तो आणखी ढकलला.

बोअरच्या पाण्याचा वाटा लोक विसरतात. पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे ॲसिड मारण्याची ताकद, कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला ३०० मिलिग्रॅम असेल, तर १०० लिटरमध्ये ६०० मिलीइक्विव्हॅलंट आम्लारी असते. पीएच ३.६ च्या आसपास सायट्रिक ॲसिडचा एक रेणू जेमतेम एक हायड्रोजन देतो, म्हणून एवढी अल्कलिनिटी मारायलाच १२० ते १४० ग्रॅम ॲसिड खर्च होतं. वर कडकपणा तेवढाच आणि तो सगळा कॅल्शियमचा असेल तर बॅचला न मोजलेलं १२ ग्रॅम कॅल्शियम मिळतं. आजवा तलाव आणि मही नदी यांचं कॉर्पोरेशनचं पाणी आणि जीआयडीसीतलं बोअरचं पाणी यांत एकच कृती दोन वेगळे निकाल देते, हे लक्षात ठेवा. आरओ घ्या, आणि आरओच्या पाण्याचीही महिन्याला एकदा कडकपणा व अल्कलिनिटी मोजा. मेंब्रेन थकलं की बोअर पुन्हा आत येतो.

आता काय करायचं. पहिला निर्णय कॅल्शियमच्या आकड्याचा. लिटरला १ ग्रॅम कॅल्शियम हे सायट्रिक चवीच्या, पाश्चराइझ केलेल्या, महिनोन्‌महिने टिकायच्या सरबतात ठेवणं हा कठीण मार्ग आहे. लिटरला ५०० मिलिग्रॅम धरा, म्हणजे २०० मिलिलिटरच्या बाटलीत १०० मिलिग्रॅम. कॅल्शियम निम्मं केलं की त्याचा घन आठवा भाग होतो. नुसत्या या एका बदलानं निम्मी लढाई जिंकता येते. लेबलवर आकडा छापण्याआधी एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे त्या वेळचे नियम पाहून घ्या.

दुसरा निर्णय ॲसिडचा. सगळी आंबट चव सायट्रिकवर टाकू नका, अर्धा भार मॅलिक ॲसिडवर द्या. मॅलेटची कॅल्शियमवरची पकड मध्यम आहे, त्याचा कॅल्शियम क्षार सायट्रेटच्या कितीतरी पट विद्राव्य आहे, आणि मॅलिक आलं की सायट्रेट कमी होतं. अमेरिकेत १९८० च्या दशकात संत्र्याच्या रसात कॅल्शियम घालताना हाच मार्ग धरला गेला. तिथलं नेहमीचं संयुग सहा कॅल्शियम, दोन सायट्रेट, तीन मॅलेट अशा प्रमाणाचं.

१०० लिटरसाठी सुरुवातीचं प्रमाण असं: आरओचं पाणी, फूड ग्रेड कॅल्शियम कार्बोनेट १२५ ग्रॅम, सायट्रिक ॲसिड मोनोहायड्रेट २५० ग्रॅम, मॅलिक ॲसिड २०० ग्रॅम, साखर चवीप्रमाणे ९ ते ११ किलो. पीएच ३.६ ते ३.७ च्या आसपास यायला हवा. लिंबाचा खरा रस घालणार असाल तर त्यात ५ ते ६ टक्के सायट्रिक ॲसिड असतं. १०० लिटरला ४ लिटर रस म्हणजे २०० ते २४० ग्रॅम ॲसिड आलंच. मग पुडीतलं सायट्रिक जवळजवळ बंद करा. बहुतेक जण रस ‘चवीपुरता’ म्हणून हिशेबाबाहेर ठेवतात आणि सायट्रेट नकळत दुप्पट होतं.

क्रम महत्त्वाचा आहे. टाकीत ७० लिटर थंड पाणी घ्या, २५ ते ३० अंश. दोन्ही ॲसिडं पूर्ण विरघळवा. कार्बोनेट वेगळ्या बादलीत २ लिटर पाण्यात कालवून पातळ लापशी करा, आणि ढवळणी चालू ठेवून १५ ते २० मिनिटांत बारीक धारेनं सोडा. उलट करू नका. कार्बोनेटच्या लापशीत ॲसिड ओतलं तर सुरुवातीला पीएच वर असतो, तिथंच सायट्रेट बनतं आणि कणांवर त्याचा कवच बसतो. मग आतलं कार्बोनेट विरघळत नाही आणि हेच कण पुढं बीज होतात. घट्ट प्रीमिक्स करून ठेवण्याचा मोहही याच कारणानं टाळा: थोड्या पाण्यात सगळं ॲसिड आणि सगळं कार्बोनेट एकत्र म्हणजे साक्याला आमंत्रण. १२५ ग्रॅम कार्बोनेटमधून ३० लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणून टाकीत वर चतुर्थांश जागा मोकळी ठेवा आणि खोलीत वारा खेळता असू द्या. मोठ्या बंद टाकीत डोकं घालून पाहू नका. फसफस थांबल्यावरही अर्धा तास ढवळत राहा, उजेडासमोर काचेच्या ग्लासात पाहा, एकही तरंगता कण दिसायला नको. मग साखरेचा गाळलेला, थंड केलेला पाक, मग स्वाद, मग उरलेलं पाणी. गरम पाक थेट ओतला तर जिथं पडतो तिथं तापमान चढतं, आणि सायट्रेट तीच संधी बघत असतं. शेवटी ५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा.

इथं चुन्याचं कारण स्पष्ट होतं. खायचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. थेंब पडतो तिथं पीएच क्षणभर ११–१२ पर्यंत जातो, तेवढ्यात सायट्रेटचे कण बनतात, आणि ते पुन्हा विरघळायला हट्ट करतात. शिवाय पानवाल्याकडच्या चुन्याची शुद्धता, त्यातलं मॅग्नेशियम, शिसं यांची कुणी हमी देत नाही. विक्रीच्या पेयात तो घालणं योग्य नाही.

कार्बोनेटचा गोंधळ अजिबात नको असेल तर कॅल्शियम लॅक्टेट घ्या. पाच पाण्याच्या रेणूंचं लॅक्टेट १३ टक्के कॅल्शियम देतं, म्हणून १०० लिटरला ३८५ ग्रॅम लागेल. गॅस नाही, कण नाही, चवीला थोडा कडवटपणा येतो. मात्र हे लक्षात असू द्या की लॅक्टेट हे फक्त कॅल्शियम आत आणण्याचं वाहन आहे. एकदा विरघळलं की त्यातलं कॅल्शियम तिथल्या सायट्रेटलाच भेटतं, आणि लॅक्टेटची पकड इतकी सैल की ते अडवणार नाही. ‘लॅक्टेट विद्राव्य आहे, म्हणून सरबत नितळ राहील’ हा तर्क सर्रास केला जातो आणि सर्रास चुकतो. अखेरीस काय खाली बसेल हे द्रावणातला सगळ्यात कमी विद्राव्य क्षार ठरवतो, तुम्ही पुडीतून काय ओतलं त्यावर ते ठरत नाही. लॅक्टेटसोबत सायट्रिक २०० ते २५० ग्रॅमवर थांबवा आणि पीएच मॅलिकनं ३.६–३.७ वर आणा.

याच नियमानं दुसरे स्वादही तपासा. चिंचेत टार्टारिक ॲसिड आहे. कॅल्शियम टार्ट्रेट लिटरला अर्ध्या ग्रॅमच्या आतच विरघळतं, म्हणजे जेमतेम ६०–७० मिलिग्रॅम कॅल्शियम. चिंचेच्या सरबतात कॅल्शियम घालू नये, स्फटिक आठवड्यांनीही येतात आणि वाळूसारखे दाताखाली लागतात. कोकमात मुख्यतः हायड्रॉक्सी सायट्रिक ॲसिड असतं, त्याचाही कॅल्शियम क्षार फारसा विरघळत नाही. पालक किंवा स्टारफ्रूट असलेला रस असेल तर ऑक्झॅलेट येतं, आणि कॅल्शियम ऑक्झॅलेट लिटरला ६–७ मिलिग्रॅमच विरघळतं. तिथं मार्गच नाही.

पीएच मीटर रोज ४ आणि ७ च्या बफरनं लावून घ्या. पट्टीवर ३.६ आणि ४.१ मधला फरक कळत नाही, आणि तुमचं सगळं यश त्या अर्ध्यात आहे.

बॅच खरंच स्थिर आहे का, हे कसं कळणार? नितळ बाटलीकडे आठवडाभर बघत राहण्यात अर्थ नाही, अतिसंपृक्त बाटलीही आठवडाभर नितळ राहू शकते. बीज टाकून तपासा. तयार सरबताच्या २०० मिलिलिटरच्या चार बाटल्या घ्या. दोनमध्ये चिमूटभर, साधारण ५० मिलिग्रॅम, शुद्ध कॅल्शियम सायट्रेटची पूड टाका, दोन तशाच ठेवा. बीज टाकलेली एक आणि न टाकलेली एक अशी जोडी खोलीत, दुसरी जोडी ४५ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये. रोज दोनदा हलवा. सात दिवसांनी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून कॅल्शियम मोजा. द्रावण मर्यादेच्या आत असेल तर बीज वाढणार नाही, उलट थोडं विरघळेल, आणि कॅल्शियम तेवढंच किंवा किंचित जास्त येईल. बीज टाकलेल्या बाटलीत कॅल्शियम घटलं, न टाकलेलीत नाही, तर ती बॅच अतिसंपृक्त आहे. आज नितळ, पण दुकानाच्या फळीवर कधीतरी फसवेल. ४५ अंशांच्या जोडीत घट आली आणि खोलीतल्या जोडीत नाही, तर मे महिन्यात तक्रारी येणार हे आत्ताच कळलं.

मोजणी ईडीटीएनं. १० मिलिलिटर नमुना, ५० मिलिलिटर पाणी, ०.०१ मोलर ईडीटीए. लिटरला ५०० मिलिग्रॅमला साडेबारा मिलिलिटर लागायला हवेत. अपेक्षित ईडीटीएचा मोठा भाग, ११ मिलिलिटर, आधीच ॲसिड द्रावणात घाला, मगच सोडियम हायड्रॉक्साइडनं पीएच १२ च्या वर न्या आणि पॅटन-रीडर इंडिकेटर टाका. आधी अल्कली घातली तर वाटेत कॅल्शियमचा क्षार पडतो आणि शेवटचा रंग मागेपुढे सरकतो. वाइन-लाल ते शुद्ध निळा, जांभळ्यावर थांबायचं नाही. ईडीटीएची पकड सायट्रेटपेक्षा कोटीपटीच्या आसपास असल्यानं तो बांधलेलं आणि मोकळं दोन्ही कॅल्शियम पकडतो. आयन सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोड फक्त मोकळं दाखवतो. इलेक्ट्रोडवर कमी आकडा आला म्हणून ‘कॅल्शियम कमी पडलं’ असं समजून आणखी घालणं ही महागात पडणारी चूक आहे.

पाश्चरायझेशन करायचंच असेल तर ८५ अंशांवर अर्धा मिनिट ठेवा आणि लगेच खाली आणा. टाकीत तास-तास गरम राखण्यापेक्षा पाश्चरायझरच्या प्लेटांमधून झटपट जाणाऱ्या द्रावणातून साका कमी पडतो. गरम भरून क्रेटमध्ये रचून ठेवलेल्या बाटल्यांच्या मधल्या रांगा रात्रभर ५०–६० अंशांवर राहतात. पहिली वाळू बहुधा तिथंच बसते. भरल्यावर पाण्याच्या फवाऱ्याखाली ३५ अंशांच्या खाली आणा.

आता बिघडलेल्या बॅचचं काय? पीएच ४.२ चं, वाळू बसलेलं सरबत तापवून सुधारत नाही हे तुम्ही पाहिलंच. थंड करून, मॅलिक ॲसिडनं पीएच ३.४ पर्यंत आणून, २० अंशांवर रात्रभर ढवळलं तर बराचसा साका परत जाईल, पण चव बदलेल आणि कॅल्शियमचं प्रमाणही तेवढंच जड राहील. व्यवहाराचा मार्ग म्हणजे गाळून घेणं, गाळलेल्या रसातलं कॅल्शियम मोजणं, आणि तो नव्या बॅचमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त न मिसळणं. गाळल्यावरही त्यात बारीक बीज राहतं. एक मायक्रॉनच्या खाली गाळलं नसेल तर मिसळूच नका.

शेवटची गोष्ट पाश्चरायझरची, कारण नव्या बॅचच्या आधी ती झाली नाही तर सगळं व्यर्थ जाईल. प्लेटांवर आत्ता सायट्रेटचा थर आहे. तो काढायला गरम सायट्रिक ॲसिड वापरू नका. पाण्याच्या गीझरमधलं खवल, म्हणजे कडक पाण्याचा कार्बोनेटचा थर, काढताना लोक हेच करतात आणि खवलाच्या जागी सायट्रेटची पांढरी पेस्ट मिळते. एक ग्रॅम कार्बोनेट सायट्रेटमध्ये बदलायला १.४ ग्रॅम सायट्रिक पुरतं, पण ते विरघळलेलं ठेवायला तिप्पट, म्हणजे ४ ग्रॅमच्या वर लागतं, तेही थंड आणि पीएच ३ च्या आसपास राहील असं. गीझरला सल्फॅमिक ॲसिड चांगलं, त्याचा कॅल्शियम क्षार भरपूर विरघळतो. फक्त ब्लीचिंग पावडरशी किंवा क्लोरीनच्या कोणत्याही द्रव्याशी त्याची गाठ पडू देऊ नका. स्टीलच्या प्लेटांना १ टक्का नायट्रिक ॲसिड, ६० अंशांवर, २० ते ३० मिनिटं फिरवा. कॅल्शियम नायट्रेटच्या विद्राव्यतेची चिंता नाही. हायड्रोक्लोरिक वापरू नका, क्लोराइडनं स्टेनलेसला खड्डे पडतात. ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं. आधी साध्या पाण्यानं साखर धुवा, मग नायट्रिक, मग धुणाऱ्या पाण्याचा पीएच आत येणाऱ्या पाण्याइतका होईपर्यंत धुवा. त्यानंतर एक प्लेट उघडून कोरड्या बोटानं चाचपून पाहा. खरखर लागली तर तोच फेरा पुन्हा द्या, आणि तोवर नवी बॅच लावू नका.